काट्यांचा पाळणा

एप्रिल सरत आला की कोकणातले डोंगर पार सुकून जातात. गवत पिवळं पडून आडवं झालेलं असतं, ओढ्यातले दगड उघडे पडलेले असतात, सागाच्या अंगावर पान राहिलेलं नसतं. अशा दिवसांत उताराकडे नजर टाकली की मधूनमधून गडद हिरवे, गोलसर, जमिनीला धरून बसलेले ढीग दिसतात. जवळ गेलं की त्यांची पानं चकाकतात. आणखी जवळ गेलं की काटा लागतो. आणि काटा चुकवून हात आत घातला की एक काळंभोर, टपोरं फळ बोटांत येतं. ही करवंदीची जाळी.

करवंद ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी एस.टी. स्टँडवर, घाटातल्या थांब्यांवर, कसारा-इगतपुरीकडच्या गाड्यांमध्ये आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली आहे. पानांचा द्रोण, त्यात ओंजळभर करवंदं, खाऊन झाल्यावर ओठांना लागलेला चीक आणि जांभळी झालेली जीभ, ही आठवण मुंबईतल्या माणसाकडेही असते. पण फळ ओळखीचं असलं तरी ते ज्या झुडपावर येतं त्याची आणि आपली ओळख फारशी नसते. झुडूप म्हटलं की आपण ते मोजतच नाही. वडाला आपण दोरा गुंडाळतो, आंब्याला खत घालतो, माडाला पाणी देतो. करवंदीच्या वाट्याला येतो तो कोयता. म्हणून आज मी फळाबद्दल थोडं आणि जाळीबद्दल जास्त बोलणार आहे. फळ दरवर्षी येतच राहणार अशी आपली समजूत आहे, आणि ते जिथून येतं ती जाळी डोळ्यांदेखत कमी होते आहे.

आधी नावगाव सांगतो. संस्कृतात हिला करमर्द म्हणतात. दुसरं एक नाव आहे ‘कृष्णपाकफल’, म्हणजे पिकल्यावर काळं होणारं फळ. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं करवंद नीट पाहिलेलं होतं, यात शंका नाही. हिंदीत करौंदा, गुजरातीत करमदां, तेलुगूत वाक्काय. तेलुगू घरांतून तर कच्ची वाक्काय घालून आंबट वरण करतात. वनस्पतिशास्त्रात या झुडपाच्या प्रजातीला ‘कॅरिसा’ म्हणतात आणि तिच्यातल्या एका जातीचं नाव आहे ‘करंडास’. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७६७ मध्ये हे नाव छापलं, त्यात आपल्याकडचाच शब्द लॅटिनचा अंगरखा घालून बसलेला आहे. सह्याद्रीतल्या रानटी करवंदीला पुस्तकांतून ‘कॅरिसा कंजेस्टा’ असंही म्हटलेलं आढळतं. या दोघी वेगळ्या की एकच, यावर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. डोंगरावरच्या माणसाला तो प्रश्न पडत नाही. त्याच्या लेखी ती करवंदी.

कुळ विचाराल तर कण्हेर, सदाफुली, सप्तपर्णी आणि रुई ही हिची भावंडं. या घराण्याची खूण म्हणजे पांढरा चीक. करवंदीचं पान तोडा, कोवळी फांदी मोडा, लगेच चीक येतो. कण्हेरीचा चीक विषारी, रुईचा डोळ्यात गेला तर फार वाईट. अशा घराण्यात जन्मून करवंदीनं मात्र खाण्याजोगं फळ दिलं आणि लेकराबाळांशी नातं जोडलं.

झुडूप साधारण पुरुषभर उंचीचं, कधी त्याहून थोडं जास्त. शेजारी झाड असलं तर त्याच्या आधारानं वरही चढतं. पानं समोरासमोर, जाड, चामड्यासारखी आणि वरून तुकतुकीत. या जाडपणामुळे पानातलं पाणी लवकर उडत नाही. म्हणूनच वैशाखातही करवंदी हिरवी राहते. काटे इंच-दीड इंचाचे, सरळ, टणक, आणि पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले. गुलाबाचा काटा हा नुसता सालीचा असतो, अंगठ्यानं ढकलला की निघून येतो. करवंदीचा काटा म्हणजे रूप बदललेली फांदीच. तो मोडतो, पण सहज निघत नाही. लहानपणी पायात बारीक काटा रुतला की आम्ही करवंदीच्याच काट्यानं तो कोरून काढायचो. काट्यानं काटा काढणं ही म्हण शाळेत शिकायच्या आधी आम्ही ती पायावर शिकलो होतो.

फुलं फेब्रुवारीपासून दिसू लागतात. पांढरी, पाच पाकळ्यांची, झुपक्यानं येणारी, वास जाईच्या जवळ जाणारा. फुलाची नळी अरुंद असते, तेव्हा तळाचा मध लांब सोंडेच्या फुलपाखरांना आणि पतंगांनाच मिळतो. पण या झुडपाकडे कीटक केवळ मधासाठी येत नाहीत. काळपट तपकिरी पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेलं एक फुलपाखरू आपल्याकडे सर्रास दिसतं. ते ज्या झाडांवर अंडी घालतं त्यांत कण्हेरीबरोबर करवंदीही आहे. कण्हेरीवर वाढणारा तो मोठा, हिरव्या रंगाचा पतंग असतो ना, त्याच्या सुरवंटांनाही करवंदीचं पान चालतं. म्हणजे जाळी ही काही पाखरांसाठी खाणावळ आहे, तर काहींसाठी बाळंतिणीची खोली.

मग फळ धरतं. आधी हिरवं, मग एका अंगानं तांबूस, आणि मे महिन्यात काळं. या वेळापत्रकाकडे जरा लक्ष द्यावं असं मला वाटतं. मे महिना हा रानातल्या जिवांसाठी फार कठीण. पाणवठे आटलेले, गवताला रस नाही, किडे कमी. नेमक्या याच दिवसांत करवंद रसानं भरतं. बुलबुल, साळुंक्या, कोकीळ जाळीवर तुटून पडतात. रात्री उदमांजर येतं, कोल्हा येतो. माकडं, वानरं आणि रानडुकरं येतात. कोयना-राधानगरीच्या रानात अस्वलंही करवंदं खातात. काट्यांना न जुमानता एवढे सगळे येतात, कारण भूक आणि तहान दोन्ही भागवणारी गोष्ट त्या दिवसांत दुसरीकडे फारशी नसते.

यात करवंदीचाही स्वार्थ आहे. एका फळात चारेक चपट्या बिया असतात. त्या कोरड्या जागी ठेवून दिल्या तर फार दिवस जिवंत राहत नाहीत. लवकरात लवकर ओल्या मातीत पडल्या तरच रुजतात. फळ पिकतं मे महिन्यात, पाखरू ते खातं, बी विष्ठेतून कुठे तरी दूर पडतं, आणि साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस उभा राहतो. महिनाभर आधी पिकलं असतं तर बी वाळून गेलं असतं. महिनाभर उशिरा पिकलं असतं तर फळ पावसात कुजलं असतं. एखाद्या जुन्या शेतकऱ्यानं पेरणीचा मुहूर्त धरावा, तसं हे झुडूप पावसाचा मुहूर्त धरून पिकतं.

आता या सगळ्यातली मुख्य गोष्ट. पाखरू करवंदीच्या जाळीत येतं तेव्हा रिकाम्या पोटी येत नाही. त्यानं आधी कुठे तरी जांभूळ खाल्लेलं असतं, कुठे उंबर, कुठे तोरण किंवा अळू. जाळीत बसल्या बसल्या त्या बिया खाली पडतात. जाळीखालची माती कशी असते? वर्षानुवर्षं पानं पडून, कुजून ती काळी, भुसभुशीत झालेली असते. वर सावली असते, त्यामुळे ओल टिकते. पावसाच्या माऱ्यानं ती वाहून जात नाही. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तो उघड्या उतारावर पडला की माती धुऊन नेतो, मागे जांभ्याचा दगड राहतो. जाळीचा मात्र जो ओंजळभर तुकडा असतो त्यात माती धरून राहते. तिथे जांभळाचं, उंबराचं, ऐनाचं रोप उगवतं.

उघड्यावर उगवलेल्या रोपाचं काय होतं हे गुरं राखलेल्या कोणालाही विचारा. दोन पानं आली की शेळी येते. चार पानं आली की बैलाचा खूर. जाळीच्या आतल्या रोपापर्यंत शेळीचं तोंड पोचत नाही. शेळी करवंदीचा कोवळा शेंडा तेवढा खुडते आणि पुढे जाते. आतलं रोप दोन वर्षांचं होतं, पाच वर्षांचं होतं, जाळीतून डोकं बाहेर काढतं आणि एक दिवस झाड होतं. झाड मोठं झालं, सावली दाट झाली की ऊन कमी पडून करवंदीला फळं कमी येऊ लागतात. ज्या झाडाला तिनं वाढवलं त्याच्याच सावलीत ती मागे सरते. तोपर्यंत तिची बी पाखरांनी पुढच्या उघड्या उतारावर नेलेली असते. आपण ज्याला रान म्हणतो त्याच्यातली पुष्कळ झाडं अशी काट्यांच्या पाळण्यात वाढलेली आहेत. हे काम पगारी रोपवाटिकेला जमत नाही असं नाही. पण करवंदी ते खड्डा न खणता, पाण्याचा टँकर न लावता, संरक्षक जाळी विकत न घेता करते.

काट्यानं राखण होते हे आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होतं. सतराशे पंधराच्या सुमारास लिहिलेलं ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध आहे. त्यात किल्ल्यांच्या व्यवस्थेबद्दल लिहिताना गडाभोवतीची झाडी ही गडाची राखण आहे, ती मुद्दाम वाढवावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये, अशा अर्थाची ताकीद आहे. तिथे करवंदीचं नाव घेतलेलं नाही. पण सह्याद्रीतल्या कुठल्याही गडाचा घेरा चढून पाहावा. वाट सोडून दहा पावलं आत गेलात तर कपडे कोण फाडतं ते कळेल.

आमच्या गावाकडची एक गोष्ट सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोयता न चालणाऱ्या दोन जागा होत्या. एक गुरवाच्या देखरेखीखालची देवराई आणि दुसरं आमचं कब्रस्तान. दोन्हीकडे झाड तोडायचं नाही ही समजूत एकच, कारणं वेगवेगळी. कब्रस्तानाची हद्द दगडी गडग्याची होती आणि गडग्यावर करवंदी. नवी कबर झाली की पहिले काही दिवस तिच्यावर काटेरी फांद्या रचायची पद्धत होती, कोल्ह्यांनी माती उकरू नये म्हणून. त्या फांद्या बहुतेक वेळा करवंदीच्या असत. माझ्या वडिलांच्या कबरीवरही त्या ठेवल्या होत्या. पुढे मे महिन्यात फातेहा पढायला गेलो की गडग्यावरची करवंदं पिकलेली असायची आणि कोणाची तरी पोरं ती काढत असायची. त्यांना कुणी हटकत नसे. देवराईतल्या करवंदांनाही बंदी नव्हती. तोडायला बंदी, खायला मोकळीक, हा दोन्हीकडचा कायदा होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता.

पोरांचा खेळही तुम्हाला आठवत असेल. करवंद हातात धरून समोरच्याला विचारायचं, कोंबडा की कोंबडी? मग दातानं फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्यानं आपली करवंदं द्यायची. या खेळात हरलो तरी आणखी करवंदं काढायला जाळी समोरच होती, त्यामुळे भांडण फार टिकत नसे.

स्वयंपाकघरात करवंद दोन वेळा येतं. कच्चं असताना लोणच्याला, चटणीला. आमच्या घरी कोकम संपलं की माशाच्या कालवणातही पडायचं. पिकल्यावर मुरंब्याला, सरबताला. २०१८ साली रमजान मे महिन्यात आला होता. दिवसभराच्या उपासानंतर संध्याकाळी बाटलीतल्या लाल सरबताऐवजी करवंदाचं सरबत समोर आलं की जीव गार व्हायचा. यात ‘क’ जीवनसत्त्व आणि लोह असतं हे आहारतज्ज्ञ सांगतील. करवंदात पेक्टिन नावाचा घटक भरपूर असतो, म्हणून त्याची जेली छान धरते. आणखी एक गंमत सांगतो. बेकरीतल्या केकवर लाल, गोल ‘चेरी’ बसवलेली असते ना, ती आपल्याकडे पुष्कळदा चेरी नसतेच. बी काढून, साखरेच्या पाकात मुरवून, लाल रंग दिलेलं ते करवंद असतं. ज्या फळाला वाढदिवसाच्या केकवर मानाची जागा मिळते त्याच्या झुडपाला आपण जमीन अडवणारं झुडूप म्हणतो.

पण करवंदाचा खरा आधार आहे तो डोंगरात राहणाऱ्या बायांना. कातकरी, ठाकर, महादेव कोळी या समाजांतल्या बाया पहाटे डोंगर चढतात, उन्हं तापायच्या आत टोपली भरतात आणि दुपारपर्यंत रस्त्यावर येऊन बसतात. भाताची कामं सुरू व्हायला अवकाश असतो, हाताला दुसरं काम नसतं. त्या चार-सहा आठवड्यांत करवंदं, जांभळं, आळूची फळं यांवर घरात मीठमिरची येते. मुलांच्या वह्यांचा, पावसाळ्यातल्या प्लास्टिकचा खर्च यातूनच निघतो. मुंबई-गोवा रस्त्यावर बसलेल्या अशाच एका बाईकडून मी वाटा घेत होतो. तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले होते. मी विचारलं, “मावशी, जाळी सगळी झोडून काढता का?” ती म्हणाली, “नाय भाऊ. हाताला लागतील तेवढी. वरची पाखरं खातील की. झोडली तर पुढल्या वर्षी काय खायाचं?” मग म्हणाली, “पन आता जाळीच लांब गेली. आधी वाडीमागंच होती. आता दोन डोंगर चढून जावं लागतंय.” २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना आणि रानावर पिढ्यानपिढ्या जगणाऱ्यांना अशा गौण वनोपजाची मालकी दिली आहे. वनातलं फळ गोळा करायचा, विकायचा हक्क कागदावर आला. पण ज्या जाळीवर हा हक्क चालवायचा तीच राहिली नाही तर कागद घेऊन ती बाई कुठल्या डोंगरावर जाणार?

जाळी लांब गेली, म्हणजे नेमकं काय झालं? कोकणातली बहुतेक डोंगरजमीन सरकारी राखीव वनात मोडत नाही, ती खासगी मालकीची आहे. एका सातबाऱ्यावर दहा-वीस नावं, त्यांतली निम्मी मुंबईत. पूर्वी ही जमीन वापरात असायची ती गवतासाठी, कवळासाठी, गुरांसाठी. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली, आणि कोकणातल्या उतारांवर हापूस आणि काजू चढले. यात वाईट काही नव्हतं. माझ्या नात्यातल्या कित्येक घरांत काजूच्या पैशावर मुलं शिकली, घरावर कौलं गेली. सुरुवातीला लागवड हातानं व्हायची. कुदळीनं खड्डे घेतले जायचे, मधल्या जाळ्या राहायच्या. पुढे जेसीबी आला. त्याला जाळी दिसत नाही, त्याला फक्त सपाटी दिसते. दोन दिवसांत अख्खा उतार मुळासकट खरवडून लाल होतो. चिरेखाणीसाठी, प्लॉट पाडण्यासाठी, रस्त्यासाठी तेच. आणि या कामाला आपण शब्द कोणता वापरतो? ‘जमीन साफ केली.’ जिथे माती धरली जात होती, पाखरं घरटी बांधत होती, ससे आणि तित्तर लपत होते, घोरपड अंडी घालत होती, ती जागा घाण होती आणि आपण ती साफ केली.

साफ केलेल्या जमिनीवर बाग खरोखर उभी राहिली तर एक वेळ ठीक. पुष्कळदा ती तशीच पडून राहते. मग तिथे येते रानमोडी, नाहीतर घाणेरी. या दोघी अमेरिका खंडातून आलेल्या. रानमोडीचं बी वाऱ्यावर उडतं, ती दोन पावसांत अख्खा उतार झाकते, गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि उन्हाळ्यात ती वाळून कोळ झाली की एका विडीच्या थोटकानं वणवा पेटतो. करवंदी जळाली तर पहिल्या पावसात बुडातून फुटते. पण दरवर्षी वणवा लागला तर तीही थकते. करवंदी काढून आपण मोकळी जमीन मिळवतो असं वाटतं. प्रत्यक्षात पुष्कळदा फळ देणारं झुडूप देऊन आग धरणारं झुडूप विकत घेतो.

जाळीबद्दल लोकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. जाळीत साप असतो, रानडुक्कर बसतं, कधी बिबट्याही दडतो. घराला लागून अशी जाळी असू नये हे मलाही पटतं. अंगणाच्या कडेची जाळी छाटून ठेवावी, मुलं खेळतात तिथली काढावी. प्रश्न अंगणाचा नाहीच. प्रश्न आहे तो गावापासून लांब असलेल्या, चढ असलेल्या, जिथे नांगर कधी फिरणार नाही अशा उतारांचा. तिथल्या जाळीनं कोणाचं काय बिघडवलं?

झुडपाला रान मानायचं की नाही हा वाद फक्त कोकणातला नाही. विदर्भात महसुलाच्या कागदांवर ‘झुडपी जंगल’ असा जमिनीचा एक प्रकारच आहे. तिथली झुडपं आणि हवा वेगळी, पण पेच तोच. शब्दात जंगल आहे आणि डोळ्यांना झुडूप दिसतं, तेव्हा हे जंगल की पडीक जमीन? सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा प्रश्न दशकानुदशकं लोंबकळत होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे जंगलच मानायचं असा निकाल दिला. पूर्वी रीतसर दिलेल्या जमिनींबाबत मार्गही काढून दिला. कोकणातल्या खासगी उतारांना हा निकाल थेट लागू होणार नाही. पण झुडूप म्हणजे काहीच नाही ही समजूत त्यातून मोडीत निघाली, एवढं तरी आपण त्यातून घ्यावं.

मग आपण करायचं काय? मी शेतीतज्ज्ञ नाही. कविता लिहिणारा माणूस आहे, आणि चार झुडपं राखलेली आहेत, त्यावरून सांगतो. ज्यांची गावी डोंगरजमीन आहे त्यांनी बाग जरूर लावावी. पण लावताना हद्दीची जाळी, ओढ्याकाठची जाळी आणि माथ्याकडची जाळी राहू द्यावी. जेसीबीवाल्याला काम सांगताना फक्त कुठून सुरू कर एवढं सांगू नये. कुठे थांब हेही सांगावं, आणि शक्य तर त्या दिवशी स्वतः उभं राहावं. मुंबईत बसून फोनवर सांगितलेली हद्द डोंगरावर दिसत नाही.

कुंपण करायचं असेल तर सिमेंटचे खांब आणि काटेरी तार यांचा हिशेब करण्याआधी करवंदीचा विचार करावा. आपल्याकडे कुंपणानं शेत खाल्ल्याची म्हण आहे. हे कुंपण शेत राखतं आणि वर फळ देतं. पिकलेल्या करवंदाचं बी धुऊन ताज्या ताज्याच पिशवीत किंवा वाफ्यात टाकावं, वर्षभर डब्यात ठेवून उपयोग नाही. रोपं हाताएवढी झाली की पावसाच्या तोंडावर हद्दीवर दोन-तीन फुटांच्या अंतरानं लावावीत. पहिली दोन-तीन वर्षं ती हळू वाढतात, तेवढा धीर धरावा. मोठ्या फळाची जात हवी असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण बोल्ड’ नावाची जात काढलेली आहे. पण रानातल्या बारीक, आंबटगोड करवंदाचं बीही तितक्याच अगत्यानं लावावं. पाखरांची चोच त्या फळाच्या मापाची आहे.

आणि ज्यांच्याकडे ना जमीन ना हद्द, त्यांनी एवढंच करावं. पुढच्या मे महिन्यात घाटातून जाताना गाडी थांबवावी, द्रोण घ्यावा, घासाघीस करू नये. दहा-वीस रुपये कमी करून आपण श्रीमंत होत नाही, आणि त्या बाईच्या हातावरचे ओरखडे मात्र फुकट जातात. फळाला भाव मिळाला तर जाळीलाही भाव मिळेल. जिच्यातून चार पैसे येतात ती गोष्ट गावातला माणूस सहसा तोडत नाही. जमलंच तर तिला विचारावं, करवंदं कुठून आणली. ती कुठला डोंगर सांगते ते ऐकावं. तो डोंगर दरवर्षी किती लांब जातो आहे, हे तिच्याइतकं अचूक दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)